यंत्रानं न वाचायची ओळ

निनाद वेलणकरनं लॅपटॉपची वायर प्रोजेक्टरला जोडली आणि नगरपालिकेच्या सभागृहातल्या पांढऱ्या पडद्यावर चौकोन, उलटी प्रश्नचिन्हं आणि कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं उमटली.

"हे काय आहे?" मुख्याधिकारी बोधनकर साहेबांनी विचारलं.

"लॉग आहे, सर. पंपहाउसच्या संगणकाची नोंद. संगणक कधी बंद पडला, कधी सुरू झाला, पंप कधी लागला, सगळं ह्यात असतं."

"मग वाचा."

"असं वाचता येत नाही, सर. बायनरी फाइल आहे. आमच्या टूलमध्येच उघडते."

"मग टूलमध्ये उघडा."

"उघडून बघितली. करप्ट दाखवतंय. वीज अचानक गेली ना, सर. सिस्टिमनं ती फाइल बाजूला ठेवली आणि नवीन सुरू केली."

मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसले होते. मला राहवलं नाही.

"म्हणजे वीज गेल्यावर काय झालं याची नोंद ठेवणारी फाइल, वीज गेली म्हणून खराब झाली?"

निनाद हसला. मुलगा वाईट नव्हता. पुण्याच्या कंपनीचा इंजिनिअर, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. "मॅडम, प्रत्येक वेळी तसं होत नाही."

"आपण प्रत्येक वेळेची चौकशी करत नाही आहोत," मी म्हणाले.

"खैरमोडे मॅडम, तुमची पाळी आली की बोला," बोधनकर साहेब म्हणाले.

मी पाणीपुरवठा विभागाची कनिष्ठ अभियंता. ज्याची चौकशी चालली होती तो दिलावर अत्तार, आमचा व्हॉल्व्हमन, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मांडीत सळई घालून पडला होता. टेकडीच्या पायथ्याला व्हॉल्व्हचा एक खड्डा आहे. त्या खड्ड्यातला पाइपाचा जोड फुटला, लोखंडी तुकडा उडाला आणि त्याच्या पायात घुसला. जोड फुटला तो पाण्याच्या दणक्यानं, याबद्दल वाद नव्हता. दणका कशानं बसला, हाच वाद होता. कंपनीचं म्हणणं, दिलावरनं घाईनं व्हॉल्व्ह बंद केला. तसा केला तर दणका बसतो, हे खरंच आहे. आमचं म्हणणं, पंप वेळेआधी सुरू झाला. तसा झाला तरी दणका बसतो.

दिलावर ठेकेदाराचा माणूस होता. समितीनं त्याची चूक म्हटली की काम गेलं. गावाचा निकाल तर आधीच लागला होता. चार दिवस नळाला पाणी नव्हतं आणि त्याची बायको शमीम टँकरच्या रांगेत उभी राहिली की बाया तिच्या तोंडावर म्हणत होत्या, "तुझ्या दाल्ल्यानं घालवलं पाणी."

आता पाणी कसं वागतं ते सांगायला हवं. नदीवरच्या पंपापासून टेकडीवरच्या टाकीपर्यंत चढत गेलेली मोठी पाइपलाइन. वीज गेली की पंप थांबतो, पण पाइपातलं पाणी थांबत नाही. ते मागं येतं, आपटतं, पुन्हा वर जातं, पुन्हा मागं येतं. झोका सोडून दिल्यावर जसा डोलत राहतो तसं. वीज लगेच परत आली आणि पंप लगेच लागला, तर वर ढकललेलं पाणी आणि खाली येणारं पाणी समोरासमोर धडकतं.

हे आम्हाला फार आधीच कळलेलं होतं. मी नोकरीला लागल्याच्या वर्षी दिलावरनं मला पाइपाला कान लावायला शिकवलं होतं. तो म्हणायचा, "मॅडम, अजून डोलतंय बघा." मी घड्याळ धरायची. दहा-बारा वेळा मोजून आम्ही ठरवलं, वीज आल्यावर दीड मिनिट थांबायचं. मग मी पंपहाउसच्या संगणकात ते घातलं. तेव्हाची यंत्रणा साधी होती. संगणक सुरू होताना काय काय आणि कुठल्या क्रमानं करायचं, ते एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असे. नुसती अक्षरं. कुठल्याही संगणकावर उघडावी, वाचावी, हवी ती ओळ बदलावी. त्यात मी एक ओळ घातली: नव्वद सेकंद थांब. आणि तिच्या वर दुसरी ओळ, का थांबायचं ते सांगणारी. अशा ओळीच्या सुरुवातीला # हे चिन्ह टाकतात. ते दिसलं की यंत्र ती ओळ सोडून पुढं जातं. ती ओळ यंत्रासाठी नसतेच. पुढच्या माणसासाठी असते.

माझ्या त्या फाइलीत अशा ओळी खूप होत्या. आमच्या विभागाची ती पद्धतच पडली होती. जो बदल करेल त्यानं वर कारण लिहायचं. रोमन अक्षरांत, पण मराठीत. '# ह्या पंपाला आधी लावू नका, जुना आहे, तापतो.' '# गणेशोत्सवात दाब वाढवावा, नगराध्यक्षांची गल्ली ओरडते.' माझ्या आधीचे अभियंते बदलून गेले, एक वारले, पण त्यांची कारणं तिथं होती.

दिलावरनं त्या दीड मिनिटावर आपलं काम बसवलं होतं. वीज गेली की तो खड्ड्यात उतरायचा आणि गावाकडचा व्हॉल्व्ह सावकाश बंद करायचा, म्हणजे टाकी रिकामी होत नाही. खड्ड्याशेजारी पिठाची गिरणी आहे. गिरणीचा आवाज आला की वीज आली. मग तो अवजारं उचलून शिडीनं वर यायचा. घाई नसायची. वर येऊन बिडी काढेपर्यंत पंप लागायचा.

उन्हाळ्यात कंपनीनं नवी यंत्रणा बसवली. फायली सगळ्या बायनरी. उद्घाटनाच्या दिवशी मी जिल्ह्याला प्रशिक्षणात होते. परत आले तेव्हा जुना संगणक कंपनीनं नेलेला होता. मी निनादला विचारलं, जुन्यातलं सगळं नव्यात आलं का.

"एकूण एक सेटिंग, मॅडम. कन्व्हर्टरनं आणलंय."

"मला फाइल बघू दे."

"फाइल बघता नाही येत. टूल आहे, त्याचं लायसन्स नगरपालिकेनं घेतलेलं नाही. पण सगळं आलंय, विश्वास ठेवा."

आदल्या महिन्यापर्यंत मी फाइल उघडून स्वतः वाचत होते. आता विश्वास ठेवायचा होता. त्यानंतरची पहिली मोठी वीजकपात झाली त्या दुपारी दिलावर नेहमीसारखा खड्ड्यात उतरला. गिरणी सुरू झाली. आणि तो शिडीकडं वळतो न वळतो तोच जोड फुटला.

समितीसमोर माझी पाळी आली तेव्हा मी हे सगळं सांगितलं. निनादनं शांतपणे टूल उघडून पडद्यावर एक खिडकी दाखवली. पंप सुरू होण्याआधीचा विलंब: ९०.

"हा विलंब आहेच, सर. पंप लगेच लागणं शक्यच नाही."

"हा आकडा कधी घातला?" मी विचारलं. "अपघाताच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पंपहाउसला येऊन गेलात. अपडेट टाकलंत."

"ते सिक्युरिटीचं होतं."

"मग आकडा कधीचा आहे ते दाखवा."

"टूलमध्ये आत्ताची व्हॅल्यू दिसते, मॅडम. इतिहास दिसत नाही."

"लॉगमध्ये दिसला असता."

"लॉग करप्ट आहे," तो म्हणाला. या वेळी हसला नाही.

जिल्ह्याहून आलेले कार्यकारी अभियंता तोवर फोनवर होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं काही पुरावा आहे का?"

होता. जुन्या फाइलीची प्रत मी पूर्वीच माझ्या पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली होती. ती मी सभागृहातल्या टंकलेखकाच्या संगणकावर उघडली. क्षणात उघडली. विलंबाची ओळ, तिच्यावरची कारणाची ओळ, तारीख, सगळं. बोधनकर साहेब चष्मा वर करून वाचायला लागले. मला वाटलं, संपलं.

निनाद उठून जवळ आला. "सर, एक सांगू? ही टेक्स्ट फाइल आहे. कोणीही कधीही उघडावी, काहीही लिहावं. मॅडमनी काल रात्री लिहिली नसेल कशावरून? मॅडमवर माझा तसा आरोप नाही. पण म्हणून तर आम्ही बायनरी वापरतो. कुणाला हात लावता येत नाही."

"तुम्हाला येतो," मी म्हणाले.

"खैरमोडे मॅडम," बोधनकर साहेब म्हणाले, "यांचा मुद्दा अगदीच चूक नाही. शिवाय ही जुन्या यंत्रणेची फाइल. नव्या यंत्रणेत काय होतं, हे त्यानं कळत नाही."

माझी फाइल वाचता येत होती म्हणून बाद. त्यांची वाचता येत नव्हती म्हणून कायम. इतक्या सरळपणे माझा अपमान त्याआधी कुणी केला नव्हता. पुढची बैठक सोमवारी ठेवली आणि सगळे चहाला उठले. निनादनं माझ्यासाठीही कप आणला. मी तो घेतला नाही.

दिलावरला शनिवारी घरी सोडलं. मी भेटायला गेले. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणात शेळ्यांचा मांडव. उकाडा होता म्हणून त्याची खाट शेळ्यांच्या मांडवातच टाकली होती.

"या मॅडम. बसा. ती पाटी काढ गं, शमीम, मॅडमना बसू दे."

"पाय कसा आहे?"

"पाय हाय. म्हंजे जाग्यावर हाय." तो हसला आणि मग थांबला. "मॅडम, खरं सांगतो. मी व्हॉल्व्हला हात बी लावला नव्हता. व्हॉल्व्ह तर आधीच बंद करून झाला व्हता. गिरणी घरघरली, मी पाना उचलला, आन्..."

"मला माहीत आहे."

"तुमास्नी माहीत हाय. त्यास्नी?"

शमीम चहा घेऊन आली. "त्यास्नी माहीत नसाया काय झालं? त्यास्नी समदं माहीत असतंय. माणूस मेला असता तर 'बिचारा' म्हणले असते. जगला, म्हणून चोर."

"गप गं."

"का म्हणून गप? मॅडम, तुमचं ते यंत्र एवढं शाणं हाय, मोबाइलवर पाणी दाखवतंय म्हणं. मग ते बोलत का न्हाई, पंप कवा लागला ते?"

एक शेळी माझी ओढणी चावत होती. ती सोडवायला मी मान वळवली आणि वर बघितलं.

मांडवावर फ्लेक्स टाकला होता. आमच्याकडं कार्यक्रम संपला की फ्लेक्स असेच जातात, कडब्यावर, मोरीवर, गोठ्यावर. छापलेली बाजू आतल्या अंगाला होती, शेळ्यांच्या डोक्यावर. नगराध्यक्षांचा हात जोडलेला मोठा फोटो, त्याच्या बाजूला सहा-सात लहान चेहरे, कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह. आणि मधोमध, वीतभर उंचीच्या अक्षरांत: 'वीज येताच पंप सुरू! दोन मिनिटांची प्रतीक्षा आता इतिहासजमा!'

"हा कुठून आणला?"

"ह्यांनीच आणला," शमीम म्हणाली. "उद्घाटनाचा हाय. गेटवर लावला व्हता. का?"

मी दिलावरला वर बघायला सांगितलं. तो उताणाच होता. ओठ हलवत त्यानं एकेक शब्द वाचला. मग पुन्हा वाचला.

"म्हंजे हे माझ्या डोक्यावरच व्हतं व्हय?" तो म्हणाला.

शमीमनंच शिडी लावून दोऱ्या सोडल्या. घडी घालताना म्हणाली, "न्या. पर परत आणून द्या. शेळ्या उन्हानं मरतील."

सोमवारी मी फ्लेक्स रिक्षानं नेला. सभागृहात तो टेबलावर मावला नाही. शिपायानं खुर्च्या सरकवल्या आणि आम्ही दोघांनी तो जमिनीवर पसरला. शेळ्यांचा वास सगळ्या सभागृहात पसरला. कार्यकारी अभियंत्यांनी नाकाला रुमाल लावला.

"हे काय आणलंय, मॅडम?"

"नव्या यंत्रणेबद्दलचा मजकूर, सर. हा मी काल रात्री छापलेला नाही. नगराध्यक्षांचा फोटो आहे, उद्घाटनाची तारीख आहे, कंपनीचं नाव आहे."

बोधनकर साहेब उठून टेबलाच्या पुढं आले. नगराध्यक्षांच्या चेहऱ्यावर पाय पडू नये म्हणून कडेनं फिरले आणि मोठ्यानं वाचलं. "वीज येताच पंप सुरू. दोन मिनिटांची प्रतीक्षा आता इतिहासजमा." मग निनादकडं वळले. "वेलणकर, येताच म्हणजे?"

"ती जाहिरात आहे, सर. मार्केटिंगची भाषा."

"मार्केटिंगला हे कुणी सांगितलं?"

निनाद लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागला.

"जुन्या यंत्रणेत ती दोन मिनिटं कसली होती?"

"संगणक सुरू व्हायला थोडा वेळ, आणि..." तो थांबला. मग खाली बघत म्हणाला, "स्टार्टअपच्या फाइलीत थांबण्याची एक ओळ होती. नव्वद सेकंदांची. आम्हाला वाटलं, कुणीतरी टेस्टिंगला टाकली असेल आणि काढायची विसरले असतील. बऱ्याचदा असं असतं, सर. डेमोला सिस्टिम झटकन सुरू झालेली बरी दिसते."

"त्या ओळीवर काही लिहिलं नव्हतं?"

"कमेंट असेल. कन्व्हर्टर कमेंट उचलत नाही, सर. मशीन त्या ओळी वाचत नाही, मग बायनरीत त्यांना जागाच नसते."

"मशीनचं सोडा. तुम्ही वाचली?"

"मराठीत होत्या सगळ्या. मला वाटलं, काहीतरी पर्सनल असेल."

"तुम्ही कुठले?"

"डोंबिवली."

शिपाई तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागला.

"मागच्या बैठकीत दाखवलेला नव्वदचा आकडा?" मी विचारलं. "तो कधीचा?"

निनादनं लॅपटॉप मिटला. "अपघातानंतरचा," तो म्हणाला. "ऑफिसनं सांगितलं म्हणून घातला." इतकंच. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि त्याच्याबद्दल मला वाईटही वाटलं, पण फार वेळ नाही.

अहवाल पावसाळ्यात आला. तीन पानांचा. 'दुर्घटना तांत्रिक कारणाने घडल्याचे दिसून येते. व्हॉल्व्हमन यांचा दोष आढळून येत नाही.' कंपनीचं नाव त्यात कुठंच नव्हतं. ओळ कुणी काढली, आकडा कुणी मागाहून घातला, लॉग का वाचता आला नाही, यातलं एक अक्षर नव्हतं. माझ्या पेनड्राइव्हवरच्या फाइलीचा उल्लेख 'अप्रमाणित मजकूर' असा होता. कंपनीचं देखभालीचं कंत्राट पुढच्या वर्षी वाढवून दिलं. निनादला दुसऱ्या शहरात पाठवल्याचं कळलं, बढतीवर की शिक्षा म्हणून, ते कळलं नाही. फ्लेक्स पुरावा म्हणून सील होऊन रेकॉर्ड रूममध्ये गेला. तो परत मिळावा म्हणून मी दोनदा अर्ज केला. शमीम अजून भेटली की विचारते.

त्याला आता बारा वर्षं झाली. पण अहवाल वाचला त्या दिवशीचा राग माझ्या मनात जसाच्या तसा आहे. राग यंत्राचा नाही. यंत्रानं जे सांगितलं ते केलं. जे माणसांनी माणसांसाठी लिहून ठेवलं होतं, ते कुणीतरी फालतू म्हणून गाळलं, उरलेलं कुणाला वाचता येणार नाही अशा डब्यात भरलं आणि त्या डब्याला सुरक्षित म्हटलं. आमच्या आधीच्या अभियंत्यांच्या सगळ्या ओळीही त्यातच गेल्या. तापणारा पंप त्याच हिवाळ्यात जळाला.

दिलावर त्या वर्षी दिवाळीनंतर कामावर आला, काठी घेऊन. खड्ड्यात उतरणं त्याला जमणार नव्हतं, म्हणून पंपहाउसला बसवला. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "मॅडम, आता थांबतंय न्हवं ते यंत्र?"

"थांबतं म्हणतात."

"म्हणत्यात," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात मी पेंटरला बोलावलं. पंपाच्या पॅनेलशेजारी भिंत मोकळी होती, पांढरी. पुढं कुणी यंत्रणा बदलो, कुणी फाइल उघडो न उघडो, ही भिंत पार करूनच त्याला पॅनेलपाशी जावं लागणार होतं. माझ्या जुन्या फाइलीतली ती कारणाची ओळ मी त्याला कागदावर लिहून दिली. फक्त एक शब्द बदलला. फाइलीत होतं, 'खाली दिलावर असतो.' आता खाली दुसरा कुणी उतरत होता आणि त्याच्यानंतर आणखी कुणी उतरणार होता.

पेंटरनं काळ्या ऑइलपेंटनं अक्षरं आखली आणि सुरुवातीच्या चिन्हापाशी अडला.

"मॅडम, ही जाळी कसली? काढू का? वाईट दिसतीय."

"राहू दे."

"पण कशाला?"

"यंत्रानं वाचू नये म्हणून."

त्यानं माझ्याकडं, मग दिलावरकडं बघितलं. दिलावर काठीवर हनुवटी टेकून अक्षरं बघत होता. पेंटरनं खांदे उडवले, ब्रश बुडवला आणि आधी चिन्ह काढलं, मग पुढचं:

# पाणी डोलायचं थांबेपर्यंत पंप सुरू करू नये. खाली माणूस असतो.